वॉशबेसिनवरचा आरोप

ज्या वॉशबेसिनवर आम्ही आरोप ठेवला होता, ते आमचा अंतिम निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच भिंतीतून उखडले गेले होते. गोष्ट २००८ च्या उन्हाळ्यातली आहे. नागपुरातील एका खासगी बालरुग्णालयात, नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात, तीन आठवड्यांत पाच बाळांच्या रक्तात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू सापडला होता. मी त्या वेळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारले की, एकच जंतू बाळाबाळांमध्ये फिरतो आहे की पाच वेगवेगळ्या वाटांनी पाच जंतू आत आले आहेत, हे सांगता येईल का. पाच बाळांच्या रक्तातून वाढवलेले पाच जिवाणू त्यांनी नळ्यांमध्ये दिले. विभागातील वॉशबेसिनच्या जाळीचा स्वॅब मी स्वतः जाऊन घेतला आणि त्यातूनही क्लेब्सिएलाच वाढला.

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे काम अवलंबून असते. पाचही जिवाणू एकाच कुळातले असतील, तर विभागात कुठेतरी एक उगम आहे आणि तो शोधून बंद करता येतो: एखादी साबणाची बाटली, एखादे सलाईन, व्हेंटिलेटरची एखादी नळी किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचे हात. ते वेगवेगळे असतील, तर उगम शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा प्रत्येक बाळाची वाट स्वतंत्रपणे तपासावी लागते. नेहमीच्या तपासण्या इथे हात टेकतात. जिवाणू वाढवण्याच्या मॅक्काँकी अगार या माध्यमावर सहाही जिवाणूंच्या वसाहती (एका पेशीपासून वाढलेले ठिपके) सारख्याच गुलाबी आणि चिकट दिसत होत्या, साऱ्या जैवरासायनिक चाचण्यांची उत्तरे सारखी होती, आणि कोणती प्रतिजैविके चालतात व कोणती चालत नाहीत याचा तक्ताही जवळजवळ एकच होता. रुग्णालयातील डॉक्टरांना हा तक्ताच पुरेसा पुरावा वाटत होता. परंतु प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण बहुधा प्लास्मिड नावाच्या छोट्या, सुट्या डीएनए-वलयांवर असतो, आणि ही वलये एका जिवाणूकडून दुसऱ्या, अगदी वेगळ्या कुळातल्या जिवाणूकडे सहज जातात. ज्या विभागात वर्षभर तीच तीन-चार औषधे वापरली जातात, तिथे परस्परांशी काही नाते नसलेले जिवाणूही हळूहळू तोच तक्ता दाखवू लागतात. गणवेश एकच आहे म्हणून मुले एकाच घरची ठरत नाहीत, असे मॅडम म्हणत.

म्हणून डीएनएचे ठसे. हा शब्द बहुतेकांनी गुन्हे आणि पितृत्वाच्या वादांच्या बातम्यांत वाचलेला असतो. इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ साली माणसाच्या डीएनएचा असा ठसा प्रथम मिळाला, आणि आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी हे तंत्र न्यायालयांपर्यंत पोहोचवले. मात्र जिवाणूंच्या बाबतीत ही उपमा जपून वापरावी लागते. माणसात प्रत्येक पिढीला आई आणि वडील यांच्या डीएनएची नवी सरमिसळ होते, त्यामुळे एकसारखी जुळी भावंडे सोडली तर ठसा एका व्यक्तीचा असतो. जिवाणू मधोमध दुभंगून वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सगळ्यांचा डीएनए, अधूनमधून होणारी एखादी चूक वगळता, तोच. तेव्हा जिवाणूचा ठसा कुळाचा असतो, व्यक्तीचा कधीच नाही.

नागपूरच्या माणसाला हे संत्र्याच्या बागेवरून चटकन समजावे. आपल्याकडे संत्र्याची बाग बियांपासून लावत नाहीत; चांगल्या मातृवृक्षाचा डोळा काढून तो जंबेरीच्या खुंटावर बांधतात. एका मातृवृक्षाच्या डोळ्यांपासून तयार झालेली पाचशे कलमे काटोलच्या एका शेतात आणि पाचशे कळमेश्वरच्या दुसऱ्या शेतात लावली, तर खुंटाच्या वरच्या भागाचा डीएनए तपासून कोणते झाड कुठल्या शेतातले हे कोणीही सांगू शकणार नाही. दोन झाडांचे ठसे जुळले, एवढ्यावरून ती एकाच बागेतली आहेत असे म्हणता येत नाही. फार तर मातृवृक्ष एक असावा, एवढे म्हणता येते. आणि परिसरातील सगळ्याच रोपवाटिका त्याच झाडाचे डोळे वापरत असतील, तर तेवढ्या विधानालाही फारसे वजन राहत नाही. आमच्या प्रकल्पात मला हे शिकायला साधारण दोन महिने लागले.

आमच्याकडे असलेल्या साधनांत बसणारी पद्धत ईआरआयसी-पीसीआर ही होती. क्लेब्सिएला, ई. कोलाय यांसारख्या आतड्यातील जिवाणूंच्या जनुकसंचात, म्हणजे संपूर्ण डीएनएत, सुमारे सव्वाशे अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) एक तुकडा जागोजागी पुन्हा पुन्हा येतो. तो का येतो हा वेगळा विषय आहे. आपल्या कामाचा भाग एवढाच की, तो कुठे कुठे बसला आहे आणि दोन जागांमधले अंतर किती आहे, हे कुळाकुळानुसार बदलते. या तुकड्यांना चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून पीसीआर (आवर्तनांनी डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) केला, की मधले भाग वाढून निघतात. ते जेलमधून विजेने ओढले की लांबीप्रमाणे वेगळे होतात आणि प्रत्येक नमुन्याच्या रांगेत आठ-दहा पट्ट्या दिसतात. १९९१ मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि एका दिवसात होते. तिचा दोषही तिच्या स्वस्तपणाइतकाच जुना आहे: प्रायमर डीएनएला कमी तापमानावर, थोड्या ढिलेपणाने चिकटू द्यावे लागतात, त्यामुळे यंत्र बदलले, एन्झाइमची बाटली बदलली किंवा डीएनएचे प्रमाण जरासे कमी-जास्त झाले, तरी एखादी फिकट पट्टी उगवते किंवा नाहीशी होते.

त्यात मे महिना. बाहेर पारा ४५ च्या आसपास, खोलीत एक कूलर, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसे. पीसीआरच्या पंचविसाव्या आवर्तनाला लाईट गेली की ती संपूर्ण खेप टाकून द्यावी लागे. जेलचे हाल आणखी वेगळे होते. उष्णतेने जेलचा मधला भाग कडांपेक्षा जास्त तापतो, मधल्या रांगा पुढे पळतात आणि पट्ट्यांची सरळ ओळ हसणाऱ्या ओठांसारखी वाकते. आमचे पहिले चार जेल असेच हसरे निघाले. पाचव्या वेळी आम्ही जेलच्या टाकीभोवती बर्फ रचला आणि रात्री नऊनंतर काम केले, तेव्हा कुठे वाचण्यासारखे चित्र मिळाले.

त्या चित्रात पाच बाळांच्या आणि बेसिनच्या, अशा सहाही रांगा एकसारख्या दिसत होत्या. मला झालेला आनंद आज आठवला की संकोच वाटतो, कारण प्रश्न पाच आजारी बाळांचा होता आणि मला आपण गुन्हेगार पकडल्यासारखे वाटत होते. मी फोटो घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘‘अगं, यात परकी कोण आहेत?’’ मला प्रश्नच कळला नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, ज्यांचे परस्परांशी काही नाते नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, असे क्लेब्सिएला त्याच जेलवर शेजारी धावले पाहिजेत. ते वेगळे दिसले, तरच या सहांच्या सारखेपणाला अर्थ आहे. हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. तरीही मी ते विसरले होते, आणि नंतर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना पाहिले की बहुतेक जण ते विसरतात.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका प्रयोगशाळेतून आम्ही सहा क्लेब्सिएला मिळवले. ते सहा वेगवेगळ्या प्रौढ रुग्णांच्या लघवीतून, वेगवेगळ्या महिन्यांत मिळालेले होते आणि त्या बालरुग्णालयाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. त्यांचे ठसे काढले, तेव्हा तीन जणांच्या पट्ट्या आपसांत जुळल्या. आणि मन खट्टू करणारी गोष्ट अशी की, त्या पट्ट्या आमच्या बाळांच्या पट्ट्यांशीही जुळत होत्या.

एखादी पद्धत वेगळ्यांना वेगळे ओळखण्यात किती समर्थ आहे, हे मोजण्यासाठी हंटर आणि गॅस्टन यांनी १९८८ मध्ये एक साधा अंक सुचवला. परस्परांशी नाते नसलेल्या नमुन्यांमधून कोणतेही दोन उचलले, तर पद्धत त्यांना वेगळे ठरवील याची शक्यता किती, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या सहा परक्या नमुन्यांच्या पंधरा जोड्या होतात. जुळलेल्या तिघांच्या तीन जोड्या वगळल्या, तर पंधरापैकी बारा जोड्या वेगळ्या निघाल्या, म्हणजे अंक ०.८० आला. असा निर्णय द्यायचा असेल तर तो ०.९५ च्या पुढे असावा असे सर्वसाधारणपणे मानतात. सहा नमुन्यांवरून असा अंक काढणे हेही खरे तर धाडसच आहे, पण आमच्या सहा सारख्या रांगांवर विसंबू नये एवढे सांगायला तो पुरेसा होता. रुग्णालयाला आम्ही तोपर्यंत तोंडी ‘सगळे एकच दिसतात’ असे कळवून बसलो होतो. ती चूक आमची होती.

मग मॅडमनी बाराही जिवाणू अगारच्या छोट्या नळ्यांमध्ये बंद करून, तिहेरी वेष्टनात, दुसऱ्या शहरातील त्यांच्या परिचयाच्या एका प्रयोगशाळेकडे पल्स्ड-फील्ड जेलसाठी पाठवले. या पद्धतीवर माझा जीव आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इथे पीसीआर नाही. जिवाणूचा संपूर्ण जनुकसंचच थोड्या ठिकाणी कापायचा असतो. क्लेब्सिएलाचा जनुकसंच सुमारे ५५ लाख अक्षरांचा आहे. त्यासाठी वापरतात ते एक्सबीए-वन हे एन्झाइम टी-सी-टी-ए-जी-ए अशी सहा अक्षरे ओळखून तिथे डीएनए कापते. अक्षरे निव्वळ योगायोगाने मांडलेली असती, तर अशी जागा दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा आली असती आणि तेराशेच्या वर तुकडे पडले असते, ज्यांचे जेलवर नुसते धुके दिसले असते. परंतु या जिवाणूंच्या डीएनएमध्ये सी-टी-ए-जी ही चार अक्षरे शेजारी येणे आश्चर्यकारक रीतीने दुर्मीळ आहे. त्यामुळे तुकडे साधारण वीसच्या घरात पडतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे जवळजवळ पूर्ण जिवाणू. ईआरआयसी-पीसीआर खिडकीच्या फटीतून घर पाहते. ही पद्धत सगळ्या भिंतींची लांबी मोजते.

अडचण अशी की, एवढे लांब तुकडे नळीत हाताळता येत नाहीत. पिपेटने ओढले तरी ते तुटतात. म्हणून जिवंत जिवाणूच कोमट अगारोजमध्ये (जेल ज्यापासून बनते त्या पदार्थात) मिसळून त्याच्या लहान वड्या पाडतात, वडीच्या आतच पेशी विरघळवतात, प्रथिने पचवतात, धुतात, आणि एन्झाइमही वडीतच मुरू देतात. मग वडीचा काप जेलच्या खाचेत बसवतात. दुसरी अडचण जेलची. साध्या जेलमध्ये साधारण ५० हजार अक्षरांपेक्षा लांब असलेले सगळे तुकडे लांबून सापासारखे सरळ होतात आणि एकाच वेगाने सरकतात, त्यामुळे दोन लाखांचा आणि सहा लाखांचा तुकडा एकाच जागी येतात. डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती अशी की, विजेची दिशा सारखी बदलत राहायची. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ज्यांनी इतवारीच्या अरुंद गल्ल्यांतून मारबतीची मिरवणूक वळताना पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सरळ रस्त्यावर पाच माणसांचा घोळका आणि पाचशे माणसांची मिरवणूक एकाच चालीने जाऊ शकतात, पण कोपरा आला की घोळका क्षणात वळतो आणि मिरवणुकीचे शेपूट बराच वेळ जुन्याच दिशेला राहते. दर काही सेकंदांनी कोपरा आणला, तर लांब तुकडे मागे पडत जातात. प्रत्यक्षात दोन दिशांमध्ये १२० अंशांचा कोन असतो. दिशा सुरुवातीला दोन-दोन सेकंदांनी आणि शेवटी जवळजवळ मिनिटामिनिटाने बदलते. हे सगळे अठरा-वीस तास, १४ अंश सेल्सिअसला थंड केलेल्या, सतत फिरणाऱ्या द्रावात चालते. १४ अंश आणि वीस तास अखंड वीज, हे दोन आकडे वाचल्यावर ते काम आमच्या खोलीत का झाले नसते, हे लक्षात येईल.

फोटो यायला तीन आठवडे लागले. सहा परके या वेळी सहा वेगवेगळे दिसले, म्हणजे पद्धतीने आपली लायकी सिद्ध केली. बाळांपैकी चौघांच्या पट्ट्या एकसारख्या होत्या, तिसऱ्या बाळाचा जिवाणू अगदी वेगळा होता, आणि बेसिनवरचा त्याहून वेगळा, कोणाशीच न जुळणारा.

‘वेगळा’ म्हणजे किती वेगळा, याचेही एक गणित आहे. फ्रेड टेनोव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेले निकष त्या काळी सगळेच वापरत. जनुकसंचात एखाद्या अक्षराच्या बदलाने कापण्याची नवी जागा तयार झाली, तर जुनी एक मोठी पट्टी जाते आणि दोन लहान येतात, म्हणजे एका घटनेने तीन पट्ट्यांचा फरक पडतो. म्हणून दोन-तीन पट्ट्यांचा फरक असेल तर जवळचे नाते, चार ते सहा असेल तर नाते असण्याची शक्यता, आणि सात किंवा अधिक असेल तर वेगळे कूळ, असे धरतात. हे निकष थोड्या काळात, एका ठिकाणी पसरलेल्या साथीसाठी आहेत, असे त्या लेखातच बजावलेले असताना पुढे लोकांनी ते देशोदेशींच्या, दहा-दहा वर्षांच्या संग्रहांना लावले. आमच्या बेसिनच्या जिवाणूत आणि चार बाळांच्या जिवाणूत अकरा पट्ट्यांचा फरक होता.

मॅडमनी रुग्णालयाला फोन केला, तेव्हा कळले की बेसिन काढून महिना झाला, विभाग आठवडाभर बंद ठेवून धुतला, साबणाच्या बाटल्या बदलल्या, हात धुण्याची सक्ती केली, आणि त्यानंतर नवा रुग्ण नाही. त्यामुळे बेसिनच दोषी होते, अशी तिथल्या सगळ्यांची खात्री झाली होती. एकाच आठवड्यात पाच गोष्टी बदलल्या असताना त्यातल्या एकीला श्रेय कसे देणार, हा प्रश्न त्यांना विचारण्याचे त्राण आमच्यात नव्हते.

ठसे जुळण्याचा उपयोग होतो तो नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी जोडीने. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक ई. कोलाय ओ१५७:एच७ ने आजारी पडले आणि चार मुले दगावली. रुग्णांमधला आणि मांसातला जिवाणू याच पल्स्ड-फील्ड पद्धतीने जुळवला गेला. त्यातूनच १९९६ मध्ये पल्सनेट हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले, जिथे प्रत्येक प्रयोगशाळा तेच एन्झाइम, तोच कोन, तेच सेकंद वापरते, म्हणजे एका शहरातला फोटो दुसऱ्या शहरातल्या फोटोशेजारी ठेवता येतो. पण तिथेही रुग्णांनी काय खाल्ले, हे विचारत फिरणारे लोक होते. हैतीमध्ये २०१० च्या ऑक्टोबरात कॉलरा उद्भवला, तेव्हा नदीकाठच्या कोणत्या गावात पहिला रुग्ण कधी सापडला, याचा नकाशा रेनो पियारू यांच्या चमूने प्रत्यक्ष तपास करून काढला आणि बोट संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी शांतिसैनिकांच्या तळाकडे दाखवले. पुढच्या वर्षी पूर्ण जनुकसंच वाचले, तेव्हा हैतीच्या आणि नेपाळच्या काही जिवाणूंत एक-दोन अक्षरांचाच फरक निघाला. तो नकाशा नसता, तर त्या एक-दोन अक्षरांवरून वाद कितीही वर्षे घालता आला असता.

पद्धत कुठल्या मातीत वापरतो, हेही पाहावे लागते. क्षयाच्या जिवाणूसाठी १९९३ मध्ये ठरलेली जागतिक पद्धत आयएस६११० नावाच्या तुकड्याच्या प्रती मोजण्यावर उभी होती. युरोपात ती उत्तम चालली, पण दक्षिण भारतातील अनेक क्षयजंतूंमध्ये या तुकड्याची एकच प्रत असते किंवा एकही नसते. एक पट्टी असलेले शंभर जिवाणू ‘जुळतात’ म्हणण्यात काय अर्थ आहे! बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडला, तर तो जुनाच जंतू उठला आहे की बाहेरून नवा आला आहे, हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न अशा पद्धतीने सुटत नाही, म्हणून नंतर ४३ खुणा तपासणारी स्पॉलिगोटायपिंग आणि इतर पद्धती जोडीला घ्याव्या लागल्या.

आता जेलचे दिवस मावळले आहेत. पल्सनेटनेही २०१९ मध्ये पट्ट्या सोडून संपूर्ण जनुकसंच वाचण्याची पद्धत स्वीकारली, आणि ज्या फोटोसाठी आम्ही तीन आठवडे थांबलो, त्याहून कितीतरी अधिक माहिती आज काही दिवसांत मिळते. सहकारी विचारतात की, किती अक्षरांचा फरक असेल तर ‘एकच’ म्हणायचे. प्रश्न तोच आहे, फक्त पट्ट्यांच्या जागी अक्षरे आली आहेत, आणि उत्तर आजही जिवाणूगणिक, साथीगणिक बदलते. दोन जिवाणू वेगळे आहेत हे जेवढ्या ठामपणे सांगता येते, तेवढ्या ठामपणे ते एकच आहेत हे सांगता येत नाही. गेल्या १५-१६ वर्षांत मी दिलेल्या प्रत्येक अहवालात ‘समान’ हा शब्द टाळून ‘या पद्धतीने वेगळे ओळखता आले नाहीत’ असे लिहीत आले आहे. ते लांबलचक आहे आणि डॉक्टरांना आवडत नाही.

बेसिनच्या बाबतीत मात्र ही खबरदारी दुसऱ्या बाजूनेही घ्यायला हवी होती, हे मला बऱ्याच उशिरा सुचले. अकरा पट्ट्यांचा फरक पाहून आम्ही बेसिनला निर्दोष ठरवले आणि माझ्या प्रबंधात तसे छापलेही आहे. परंतु सांडपाण्याच्या जाळीवर एकाच वेळी क्लेब्सिएलाची चार-पाच कुळे सुखाने नांदू शकतात. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: मॅक्काँकीवर सुमारे चाळीस गुलाबी वसाहती, पैकी एक उचलून शुद्ध केली. उरलेल्या एकोणचाळीस वसाहतींसह ती प्लेट मी त्याच संध्याकाळी वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकली.